वाटेचे ऋण

प्रवासाची आवड नाही असे मूल विरळाच. परंतु वाटेने जाणे निराळे आणि वाट ओळखणे निराळे, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही पुण्याहून समुद्राकडे निघालो होतो. पौड मागे पडले आणि मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागला. मुले हर्षाने ओरडली. इतक्यात एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे पाणी येण्यापूर्वी येथे काय होते?"

येथे भातखाचरे होती, नांदती घरे होती. मुंबईस वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावांवर संकट आले. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्यात स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. या लढ्याचे नेते पांडुरंग महादेव बापट पुढे 'सेनापती' म्हणून ओळखले गेले. तरीही धरण झाले आणि गावे बुडाली.

मुळेचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी; भीमा आणि कृष्णा यांच्यासंगे ते बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. आता धरणात अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळते, सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे उतरून वीज निर्माण करते आणि कुंडलिका नदीस मिळते. आम्हीही ताम्हिणी घाट उतरून, कोलाड व रोहे ही गावे ओलांडून कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लईच्या किल्ल्यावर पोहोचलो. मुळशीचे पाणी तेथे आमच्यासमोर सागरास मिळत होते!

हा किल्ला पोर्तुगिजांचा. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज भाषेतून उपजलेली आपली बोली बोलतात. मुले तट पाहण्यात रमली असता एक मुलगा खिळ्याने दगडावर आपले नाव कोरू लागला. मी त्याला रागावलो नाही. "हा दगड ज्याने येथवर वाहून आणला, त्याचे नाव कोठे दिसते का?" एवढेच विचारले. त्याने मुकाट्याने खिळा खिशात ठेवला.

कोणी म्हणेल, सहल आनंदासाठी असते. मुलांना अशा दुःखाच्या कथा कशाला सांगाव्या? मला हे पटत नाही. त्या विजेवर मुंबईचे दिवे लागले, गिरण्या चालल्या, हे खरेच आहे. म्हणूनच तर ज्यांची घरे गेली, त्यांचे ऋण आपल्यावर आहे. परतताना तोच जलाशय पुन्हा दिसला. तो पूर्वीइतकाच सुंदर होता. परंतु या वेळी कोणी ओरडले नाही. मुले खिडकीशी बसून कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत होती.

तुम्हीही प्रवासास जाल, तेव्हा डोळे भरून सृष्टी पाहा. मात्र "येथे पूर्वी काय होते?" हा एक प्रश्न बरोबर न्यावयास विसरू नका. वाटेचे ऋण सर्वस्वी फिटत नाही. ते निदान ओळखता तरी यावे.