पदपथ, पर्यटक आणि विजेची चाके

दोन चाकांमधील फळीवर उभे राहावयाचे, डोक्यावर शिरस्त्राण चढवावयाचे आणि मार्गदर्शकाच्या मागोमाग रांगेने शहर पाहत हिंडावयाचे, हा पर्यटनाचा एक प्रकार गेल्या वीस-बावीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील अनेक नगरांत रूढ झाला आहे. धूर नाही, आवाज नाही, मग कोणाची हरकत असण्याचे कारण काय, असा प्रश्न या सहली चालविणारे व्यावसायिक विचारतात. प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. तथापि काही नगरपालिकांनी त्यावर बंदी हे उत्तर दिले असून, ते निव्वळ जुनाटपणातून आलेले आहे असे म्हणता येणार नाही.

या वाहनाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. ३ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी ‘सेग्वे’ जगापुढे आणले. त्यात बसविलेले जायरोस्कोप आणि संवेदक चालकाचा तोल क्षणोक्षणी ओळखतात. पुढे झुकले की ते पुढे जाते, मागे रेलले की थांबते. घोडागाडीची जी गत मोटारीने केली तीच मोटारीची आता हे यंत्र करील, असा केमन यांचा होरा होता. प्रत्यक्षात सुमारे पाच हजार डॉलरची किंमत सामान्य माणसाला झेपली नाही, २००३ साली सुरक्षिततेच्या कारणास्तव तोवर विकलेली सर्व यंत्रे परत मागवावी लागली आणि २०२० मध्ये मूळ नमुन्याचे उत्पादनच बंद झाले. तोवर खपली ती अवघी लाख-दीड लाख. मोटारीला पदच्युत करावयास निघालेल्या या यंत्राला अखेर आश्रय मिळाला तो गोदामांत, पोलिसांकडे (२०२० मध्ये मुंबई पोलिसांनीही मरीन ड्राइव्हवर गस्तीसाठी अशी वाहने आणली होती) आणि पर्यटकांपाशी. जी वस्तू विकत घेणे परवडत नाही ती दोन तास भाड्याने घेण्यास माणूस आनंदाने तयार होतो. त्यात अर्ध्या दिवसाची पायपीट वाचत असेल तर विचारावयासच नको.

या पायपिटीचा भार मग कोणावर पडतो? चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे याचे ठळक उदाहरण. तेथील जुने नगर १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ज्या चार्ल्स पुलाचे काम १३५७ साली सुरू झाले, त्याच्या दोन्ही तीरांवरील गल्ल्या अरुंद, चढउताराच्या आणि दगडी फरसबंदीच्या आहेत. त्या पादचाऱ्यांच्या व घोड्यांच्या काळात आखल्या गेल्या. अशा गल्ल्यांतून सेग्वेस्वार पर्यटकांचे तांडे फिरू लागल्यावर रहिवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या. कायद्याची अडचण अशी होती की, हे वाहन धड मोटार नव्हे, धड सायकल नव्हे; त्यावर स्वार झालेला मनुष्य पादचारीच समजला जाई. २०१६ साली राष्ट्रीय वाहतूक कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्याच वर्षी महापालिकेने नगराच्या मध्यवर्ती भागातील पदपथ, सायकलमार्ग आणि पादचारी क्षेत्रे सेग्वेला बंद केली. सहल-व्यावसायिकांनी अर्थातच निषेध नोंदविला.

इंग्लंडमध्ये हा पेच आणखी गमतीदार रीतीने सुटला. तेथे २०११ मध्ये पदपथावर सेग्वे चालविणाऱ्या एका इसमाला दंड झाला तो १८३५ च्या महामार्ग कायद्यान्वये! विद्युद्दीपाच्या आधीचा कायदा विजेच्या वाहनाला लागू पडला, यावरून कायदा करणाऱ्यांची दूरदृष्टी सिद्ध होत नाही. पदपथ पायांसाठी असतो ही गोष्ट तेव्हाही सर्वांना ठाऊक होती, इतकेच.

वास्तविक पादचाऱ्याची गती ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. हे वाहन ताशी वीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्याचे स्वतःचे वजनच पंचेचाळीस किलोच्या घरात, वर स्वार वेगळा. ज्या निःशब्दतेचे कौतुक केले जाते, तीच अंध वा वृद्ध माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका आहे. वाहन येत आहे हे त्याने जाणावे कशावरून? शिवाय ते हाकणारा कोण, तर काही मिनिटांचे शिक्षण घेऊन जन्मात प्रथमच त्यावर उभा राहिलेला परगावचा पाहुणा. मौज त्याची, नफा व्यावसायिकाचा आणि जोखीम मात्र दूध आणावयास निघालेल्या रहिवाशाची, अशी ही वाटणी आहे. वाहन विजेवर चालते म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

याचा अर्थ सरसकट बंदी घालावी असा नव्हे. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी असे वाहन म्हणजे चैन नसून पाय आहेत. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० च्या नियमांत अपंगांना अशा यंत्राने सार्वजनिक ठिकाणी वावरण्याची मुभा द्यावी, असे धोरण स्वीकारले. ती नाकारावयाची तर सुरक्षिततेचे सबळ कारण दाखवावे लागते. हा भेद करणे कोणत्याही नगरपालिकेला अवघड जाऊ नये.

वाहनाच्या वादात एक व्यक्ती मात्र विस्मरणात जाते, ती म्हणजे मार्गदर्शक. वॉशिंग्टन शहरात शंभर प्रश्नांची परीक्षा उत्तीर्ण झाल्याविना मोबदला घेऊन शहर दाखविणे हा गुन्हा होता. तीनशे डॉलर दंड वा नव्वद दिवसांचा कारावास अशी त्याला शिक्षा होती. सेग्वे-सहली चालविणाऱ्यांनीच या नियमाला आव्हान दिले आणि जून २०१४ मध्ये अपील न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या आधारे तो रद्द केला. त्याच महिन्यात न्यू ऑर्लीन्स शहराचा तशाच स्वरूपाचा नियम दुसऱ्या अपील न्यायालयाने वैध ठरविला. म्हणजे मार्गदर्शकाला परीक्षा हवी की नको याविषयी विद्वान न्यायाधीशांतही एकवाक्यता नाही. बोलण्यासाठी सरकारचा परवाना नको, हे तत्त्व मान्यच केले पाहिजे. पण दहा नवशिक्या स्वारांपैकी कोणी मागे राहिला का, कोणी कठड्याला धडकला का, याकडेच ज्याचे लक्ष, त्याने इतिहास सांगावा केव्हा? वर्गातील मुले बाकावरून पडू नयेत याचीच चिंता वाहणाऱ्या शिक्षकाच्या हातून जेवढे शिकविणे होईल, तेवढेच येथे होणार. आठ दिवसांत अर्धे युरोप उरकणाऱ्या आपल्याकडील सहलींना त्याचे फारसे वैषम्य वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपात माथेरानला उभा राहिला. तेथे मोटारींना मज्जाव असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनीच माणसांना हातरिक्षातून ओढले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, घोडेवाल्यांनी त्यास विरोध केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा देताना हातरिक्षा ओढणाऱ्यांचाच प्रथम विचार व्हावा, असेही बजावले. प्राग आणि माथेरान या दोन्ही ठिकाणी वीज तीच. एका ठिकाणी तिने धडधाकट पाहुण्याचे चालणे वाचविले, दुसरीकडे कष्टकऱ्याच्या खांद्यावरचे जू उतरविण्याचा मार्ग दाखविला.

उद्या एखाद्या गडाच्या पायथ्याशी किंवा जुन्या पेठेत अशा सहलींसाठी अर्ज आला, तर स्थानिक नगरपालिकेने वाहनाच्या धुराची चौकशी नंतर करावी. प्रथम रस्त्याची रुंदी मोजावी, पदपथ पूर्णतः वगळावा, एका तुकडीतील स्वारांची संख्या आणि वेग यांवर मर्यादा घालावी, अपंगांना या निर्बंधांतून सूट द्यावी आणि अपघात झाल्यास पादचाऱ्याला भरपाई देणारा विमा व्यावसायिकाकडे आहे की नाही हे पाहावे. आणि तांडा हाकणारा एक व शहराची माहिती सांगणारा दुसरा, अशी दोन माणसे प्रत्येक तुकडीबरोबर असतील, असे लेखी घ्यावे.