हंगामाचे फळ हंगामातच

नाताळात आपण ज्याला मोठ्या अभिमानाने 'प्लम केक' म्हणतो, त्यात प्लम औषधालाही नसतो. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही 'प्लम' म्हणत. ते नाव केकला चिकटले आणि केकबरोबर आपल्या घरात आले. नावाची ही गंमत म्हणून विषय सोडून देता आला असता. परंतु खरा प्लम, म्हणजे आपल्या बाजारातला आलुबुखार, जून-जुलैत हिमाचलाच्या बागांतून येतो, भर पावसात हातगाड्यांवर ढिगाने विकला जातो, आणि तेव्हा आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हिवाळ्यात मात्र परदेशाहून शीतपेट्यांतून आलेले, अंगावर चिकटपट्टी मिरवणारे तेच फळ आपण चढ्या भावाने घेतो आणि पाहुण्यांपुढे मांडतो. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटत नाही. हा आपल्या कृतज्ञतेचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : ख्रिस्ती कुटुंबाच्या टेबलावरचा गोड पदार्थ हंगामाच्या फळाचा असावा, घरच्या हातांचा असावा, आणि तो साधा आहे याची आपल्याला लाज वाटू नये. या तिन्ही गोष्टी एकदम शिकवणारा पदार्थ म्हणून आम्ही आलुबुखाराच्या क्रम्बलचे नाव घेतो.

क्रम्बल म्हणजे चुरा. फळांच्या फोडी भांड्याच्या तळाशी पसरायच्या, त्यांवर मैदा, बटर व साखर यांचा चुरा भुरभुरायचा आणि भाजायचे, इतकाच त्याचा पसारा. हा पदार्थ इंग्लंडमध्ये घरोघरी रुजला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ८ जानेवारी १९४० रोजी तेथे अन्नाचे रेशनिंग सुरू झाले आणि ते ४ जुलै १९५४ रोजी पूर्णपणे उठले. माणशी आठवड्याला साधारण ५५ ग्रॅम बटर आणि सव्वादोनशे ग्रॅम साखर, एवढ्यावर गृहिणींना संसार करावा लागे. फळावर पारीचे आवरण घालायचे तर स्निग्धांश पुष्कळ लागतो. चुऱ्याला त्याहून कमी पुरतो. परसातले सफरचंद, आलुबुखार, ऱ्हुबार्ब, जे ज्या महिन्यात पिकेल ते तळाशी जाई. टंचाईने शिकवलेला हा पदार्थ टंचाई संपल्यावरही टिकला, याचे कारण त्याच्या चवीत आहे.

आणि चव येते ती हंगामामुळे. आपल्याकडे येणाऱ्या आलुबुखारांत 'सांता रोझा' ही जात प्रसिद्ध आहे. ल्यूथर बरबँक या अमेरिकन फळसंशोधकाने ती कॅलिफोर्नियातील सांता रोझा गावी तयार करून १९०६ साली जगापुढे आणली. ते गाव लिमाच्या संत रोझच्या नावाने वसले, आणि ही संत रोझ म्हणजे अमेरिका खंडातली पहिली घोषित संत. १६७१ साली तिला संतपद देण्यात आले. या फळाची साल आंबट, गर गोड. भाजताना सालीचा रंग रसात उतरतो, आंबटपणा साखरेला आवरतो आणि फळातल्या पेक्टिनमुळे रस आपोआप दाट होतो. झाडावर पुरते न पिकलेल्या आणि आठवडेच्या आठवडे थंडीत ठेवलेल्या फळात हा तोल राहत नाही. रंग दिसतो, पण गर पिठूळ लागतो. मग त्याची उणीव भरून काढण्यासाठी वर साय, आइस्क्रीम, चॉकलेट यांचे थर चढवावे लागतात. हंगाम मोडल्याचा दंड आपण असा दोनदा भरतो, एकदा पैशाने आणि एकदा जिभेने.

पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला पाऊण किलो आलुबुखार पुरतात. ते किंचित टणक असावेत. अर्धे चिरून बिया काढाव्यात, साले ठेवावीत. त्यांवर पन्नास-साठ ग्रॅम साखर आणि चमचाभर बारीक रवा घालावा. रवा पावसाळी फळांचा जादा रस शोषून घेतो. चुऱ्यासाठी दीडशे ग्रॅम मैदा किंवा निम्मी कणीक, पाऊणशे ग्रॅम बटर, पाऊणशे ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. बटर गार व घट्टच हवे. आपल्या दमट हवेत ते लगेच पाघळते, म्हणून काम सकाळी करावे आणि बोटांच्या टोकांनीच पीठ चोळावे; तळहाताची ऊब लागली की चुऱ्याची कणीक होते. जाड रव्यासारखे दाणे दिसू लागले की थांबावे, साखर मिसळावी आणि हा चुरा फळांवर न दाबता पसरावा. १८० अंश सेल्सिअसवर पस्तीस-चाळीस मिनिटांत कडेने जांभळा रस खदखदू लागतो. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे तरी त्याला हात लावू नये.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांचे काय? आपल्या आज्यांकडे तरी कोठे होता? खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून त्यांनी केक भाजले. आज जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, त्यात स्टँडवर भांडे ठेवून झाकले की फळे छान शिजतात. वरचा चुरा मात्र त्यात खरपूस होत नाही; तो तव्यावर मंद आचेवर वेगळा भाजून शेवटी पसरावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप दिसण्याचा. क्रम्बल ताटात वाढला की ढासळतो, त्याचे नेटके काप पडत नाहीत, त्यावर नाव लिहिता येत नाही. मग बाप्तिस्म्याला, पहिल्या कम्युनियनला तो कसा मांडावा? आम्ही उलट विचारतो : पाहुणा आपल्या घरी येतो तो खोक्यावरचे दुकानाचे नाव वाचायला काय? पाच हजारांना भाकरी वाटून झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्याच्या शुभवर्तमानात तुकड्यांना इतका मान आहे, त्याच्या अनुयायांना चुऱ्याची लाज वाटावी हे आश्चर्य आहे.

दुसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध दिशेने येतो. क्रम्बल विलायती आहे; आम्ही ख्रिस्ती आधीच परक्यांचे अनुकरण करतो म्हणून बोलणी खातो, त्यात ही भर कशाला? आम्हांला हा आक्षेप अधिक गंभीर वाटतो, पण तो पटत नाही. वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची, काजू, पपई, अननस, पेरू या देशात आले. आज मिरचीला परकी म्हणण्याची कोणाची छाती आहे? पदार्थ कोठून आला याला महत्त्व नाही. तो आपल्या मातीशी व ऋतूशी कसा वागतो याला आहे. हिवाळ्यात आयात फळांचा क्रम्बल करणे हे अनुकरण. जुलैत आलुबुखाराचा, वैशाखात पाडाला आलेल्या कैरीचा आणि वाडीतला लोंगर पिकला की राजेळी केळ्यांवर लिंबू पिळून क्रम्बल करणे हे आत्मसात करणे. ज्या समाजाने राजेळी केळी सोलून उन्हात सुकवली आणि सुकेळीच्या रूपाने हंगाम साठवला, त्याला ऋतूचे मोल कोणी नव्याने शिकवावे अशी वेळ येऊ नये. परंतु वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि कोणते फळ कोणत्या महिन्यातले हे आपल्याच मुलांना सांगता येईनासे झाले आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो बहुधा स्त्रियांच्या तोंडून येतो. नोकरी, लोकलची गर्दी, मुलांचा अभ्यास, त्यात हे आणखी एक काम! त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच आम्ही स्पष्ट सांगतो की, हे काम एकट्या आईवर टाकायचे असेल तर क्रम्बल करूच नये. पीठ चोळायला कौशल्य लागत नाही, थंड बोटे लागतात. फळे वडिलांनी चिरावीत, चुरा मुलांनी करावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. त्या सभेत एकीने राबावे आणि इतरांनी जेवावे, असे परिषदेने कोठेही म्हटलेले नाही.

ख्रिस्तसभेला ऋतूंची ही जाण जुनीच आहे. वर्षाच्या चार ऋतूंत प्रत्येकी तीन दिवस, बुधवार, शुक्रवार व शनिवार, उपासासाठी आणि भूमीच्या पिकाबद्दल आभार मानण्यासाठी राखून ठेवलेले असत. १९६९ च्या उपासना-पंचांगाच्या सुधारणेनंतर त्यांचा काळ व रीत ठरवणे त्या त्या देशातील महागुरूंच्या परिषदांकडे गेले, आणि पुष्कळ ठिकाणी ते विस्मरणात गेले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये दिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जेवणापूर्वी व जेवणानंतर थांबून देवाचे आभार मानण्याची प्रथा पुन्हा अंगीकारावी, असे आवाहन केले. पण आभार मानायचे तर कशाबद्दल मानतो आहोत हे ठाऊक हवे. बारा महिने सर्व काही मिळणाऱ्या टेबलावर आभार हळूहळू सवयीचे शब्द होतात. वर्षातून सहा आठवडेच मिळणाऱ्या फळापुढे ते शब्द पुन्हा जिवंत होतात, कारण ते फळ गेल्या आठवड्यात नव्हते आणि काही आठवड्यांनी नसेल.

म्हणून आमची सूचना अशी आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने एका रविवारी मिस्साहून परतताना किलोभर आलुबुखार घ्यावेत आणि घरात सर्वांनी मिळून क्रम्बल करावा. त्यातली एक वाटी शेजारी द्यावी, शेजारी कोणत्याही धर्माचा असो. हंगाम संपला की आलुबुखारांचा नाद सोडावा आणि पुढच्या जूनपर्यंत वाट पाहावी. ज्यांना आगमनकाळात चार आठवडे प्रभूची वाट पाहता येते, त्यांना एका फळासाठी दहा महिने थांबणे जड जाऊ नये.