गॅस संपला म्हणजे गेला कुठे?

एप्रिल उजाडला की गाड्यांचे एसी गरम हवा फेकायला लागतात. मग गाडीवाला गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, "गॅस संपलाय, भरून द्या." गॅरेजवाला म्हणतो, "होऊन जाईल साहेब." अर्ध्या तासात काम फत्ते! पुढच्या एप्रिलला तोच गाडीवाला, तेच गॅरेज, तेच वाक्य.

हे वाक्य निदान इंजिनिअरच्या तोंडी तरी शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, की गाडी चालली आणि खर्च झाला. कंप्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर आणि परत कंप्रेसर, असा तो बंद फेरा आहे. पेपरच्या आदल्या रात्री आपण सगळ्यांनी ती आकृती घोकलेली आहे. त्यात गॅस बाहेर जाणारा एकही बाण नाही. रबरी होसमधून आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, हे मान्य. पण एका सीझनमध्ये गारवा गेला, तर एकतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर गॅस जिथल्या तिथे आहे आणि बिघाड भलतीकडेच आहे.

ही दुसरी शक्यता कुणी लक्षातच घेत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे जाऊन बसायचो. तिथे एक गाडी आली. हायवेवर एसी झकास, सिग्नलला थांबलं की गरम वाफा. दोन ठिकाणी गॅस भरून झालेला. मिस्त्रींनी गेज लावायच्या आधी बॉनेट उघडून एसी चालू केला आणि नुसते बघत उभे राहिले. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता! गाडी पळत असताना समोरून वारा मिळतो, थांबली की मिळत नाही. मग हाय साइडचं प्रेशर चढत जातं आणि सेफ्टी स्विच कंप्रेसर बंद करतो. त्यात दोनदा भरलेला जादा गॅस, म्हणजे आगीत तेल. बिघाड निघाला पंख्याच्या रिलेत. रिले बदलला, जादा गॅस काढून बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच वजन करून भरला. संपला विषय.

वजन करूनच का? तर इथे आपलं थर्मो उपयोगी पडतं. इंजिन बंद असताना गेज लावलं, तर तीस डिग्रीला आर-१३४ए साधारण ९५ पीएसआयच्या आसपास दाखवतो. काही जण हा काटा बघून "गॅस फुल आहे" असं ठोकून देतात. पण आत द्रव आणि वाफ दोन्ही असतील, तर प्रेशर ठरतं फक्त तापमानावर, मालावर नाही. आपल्या मेसचा सिलिंडर बघा ना. भरलेला असो की तळाला आलेला, आतलं प्रेशर जवळपास तेच. म्हणून मेसवाले काका तो उचलून, हलवून बघतात. काकांना सॅच्युरेशन टेबल कुणी शिकवलेलं नाही, हे वेगळं.

खरी गंमत कंप्रेसर चालू झाल्यावर. दोन्ही काटे खाली असतील, तर गॅस कमी. लो साइड चढलेली आणि हाय साइड पडलेली, तर बहुधा कंप्रेसरच दम टाकतोय. लो साइड व्हॅक्यूमकडे गेली, तर व्हॉल्व्ह चोक झालाय किंवा आत शिरलेल्या ओलाव्याचा बर्फ झालाय. आणि कंप्रेसरचा क्लच चिकटतच नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले बघा, बाबांनो! कधी कधी सगळं ठीक असतं, पाइप हाताला गारेगार लागतो, तरी हवा गरमच. तेव्हा डॅशबोर्डच्या आतला हीटरचा फ्लॅप अडकलेला असतो. याला गॅस भरून काय होणार?

गळती असेल तर ती शोधावी लागते. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते, म्हणून जॉइंटवरचा काळपट ओशट डाग ही पहिली खूण. मग नायट्रोजनचं प्रेशर आणि साबणाचं पाणी. कधी काही रुपयांची ओ-रिंग निघते, कधी इव्हॅपोरेटर, आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवून काटा टिकतो का हे बघायचं, कारण आत राहिलेलं पाणी तेलाशी मिळून ॲसिड करतं आणि कंप्रेसर खातं.

यात एकट्या गॅरेजवाल्याला दोष देणं बरोबर नाही. गळती शोधायला दोन तास लागतात म्हटलं, की गिऱ्हाईक घड्याळ बघतं. शोधण्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं, भरण्याचे मात्र दरवर्षी देतात. आणि दरवर्षी तो गॅस हवेत जातो. जुना आर-१२ ओझोनला भोक पाडायचा, आर-१३४ए तसं करत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. म्हणूनच २०१६ साली किगालीला अशा वायूंचा वापर कमी करायचा करार झाला आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली.

आता आपल्या लॅबबद्दल. तिथली रेफ्रिजरेशनची टेस्ट रिग कधी बिघडतच नाही. सीओपी दरवर्षी तेवढाच येतो, कारण सिनियरच्या जर्नलमध्ये तेवढाच आला होता. त्यापेक्षा डिपार्टमेंटने भंगारातून गाडीचं एक एसी किट आणावं. एक गेज सेट, व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि गॅस हवेत न सोडता काढून घ्यायला एक रिकव्हरी मशीन. सरांनी मुद्दाम एखादा रिले काढून ठेवावा, कंडेन्सरवर पुठ्ठा लावावा आणि आम्हाला म्हणावं, शोधा! टेक-फेस्टच्या बॅनरवर आपण जेवढे पैसे उडवतो, त्यात यातलं निम्मं तरी बसेल. सरावासाठी गाड्या लागल्याच, तर भर उन्हात चारही काचा खाली करून स्टाफ पार्किंगमध्ये कोण कोण शिरतं, याची यादी आम्हा हॉस्टेलवाल्यांकडे तयार आहे.