इको आधी बंद करा

हळ्ळीखेडच्या भजनी मंडळांतली पोरं हल्ली एकच गोष्ट विचारतात, "कुठला माइक घेऊ?" माझं उत्तर त्यांना रुचत नाही. माइकचं नंतर बघू. आधी बसायची जागा बदला, आणि साउंडवाल्याने लावून दिलेला तो इको बंद करा.

मंडपात इको लागतो, हे मान्य. उघड्यावर गळ्याला आधार मिळतो, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी झाकला जातो. पण रेकॉर्डिंगमध्ये एकदा शिरलेला इको मागाहून धड काढता येत नाही. आमटीतल्या मिठासारखंच आहे ते. आवाज कोरडा घ्या, मग हवा तेवढा घुमारा नंतर घाला. आपल्या भागात तर याची गरज जास्तच. शेजारच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदीतही आहेत. ऐकणाऱ्याला अर्धे शब्द ओळखीचे, अर्धे नवे. त्यात इकोने अक्षरावर अक्षर चढलं की नुसता गलका उरतो.

आता खोली. आपल्याकडची बैठक म्हणजे खाली शहाबादी फरशी, वर पत्रा नाहीतर स्लॅब, भिंतीला ऑइलपेंट. उन्हाळ्यात ती फरशी पायाला कितीही गार लागो, आवाज ती जसाच्या तसा परत फेकते. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे 'टण्ण' अशी शेपटी ऐकू आली, तर तीच शेपटी तुमच्या प्रत्येक शब्दामागे लागणार. खाली सतरंजी आणि तिच्यावर गोधड्या अंथरा. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दुहेरी गोधडी टांगा. पाठीमागेच, कारण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं आणि गाणाऱ्यामागची भिंतही माइकला ऐकू येते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणं म्हणजे भिंतीची आणि वेळेची नासाडी. कापसाची जुनी गादी त्याहून कितीतरी बरी. पंखा बंद करा. शेजारची पिठाची गिरणी थांबल्यावर बसा. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बघा.

जागेचा मुद्दा मी उगीच लावून धरत नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा समोर माइक नव्हता, एक भोंगा होता. विजेवरचं रेकॉर्डिंग आलं 1925 च्या सुमारास. तोवर आवाज कमीजास्त करायला बटणच नव्हतं. मोठ्या आवाजाचं वाद्य लांब, गळा भोंग्याजवळ, एवढंच मिक्सिंग. एकच माइक असलेल्या मंडळाचं गणित आजही तेच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ध्वनीचा दाब निम्मा होतो. खोलीत जरा कमी फरक पडतो, पण पडतो. गवई माइकपासून एक वीत, आणि माइक तोंडासमोर न धरता किंचित तिरका, म्हणजे 'भ' आणि 'फ'चा फुसका त्यावर आदळत नाही. पेटी हातभर पुढे. पखवाज त्याहून लांब. टाळकरी थेट पलीकडच्या भिंतीशी. स्टेजवर वापरतात तो माइक समोरचं जास्त घेतो आणि मागचं टाळतो, म्हणून टाळ त्याच्या पाठीकडे बसवा. फोनवर घेत असाल तर ही सोय धरून चालू नका, तिथे अंतरच कामाला येतं.

फोनची एक खोड मात्र ओळखून ठेवा. गाणं थांबलं की तो आवाज आपोआप फुगवतो आणि टाळ पडला की दाबतो. पाठीमागचा गोंगाट गाळण्याच्या नादात टाळाचा झणत्कारही खातो. अॅपमध्ये हे दोन्ही बंद करता येत असेल तर करा आणि फाइल वेव्हमध्ये घ्या. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे.

लेव्हल लावताना सगळे सोज्वळ वाजवतात. "हॅलो, हॅलो, एक, दोन" झालं, गवयाने हळूच एक ओळ म्हटली, झालं समाधान. मग गजराला टाळ चढतात आणि लाल दिवा पेटतो. तिथे फाटलेला आवाज नीट जोडून मिळत नाही. म्हणून चाचणीलाच गजर घ्या, आणि त्या गजरालाही काटा उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. 24 बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही.

पखवाजाचं दुखणं वेगळं. डाव्या पुडीवर कणीक लावून मिळवलेली ती धुमक फोनच्या स्पीकरमधून निघतच नाही. मग पोरं मिक्समध्ये बेस वाढवतात आणि तेच गाणं उसाच्या ट्रॅक्टरवर लागलं की नुसता ढणढणाट. बेस तसाच राहू द्या, उजव्या पुडीची थाप थोडी उचला. फोनवरही ऐका, ट्रॅक्टरवरही ऐका. तुमचं गाणं तिथेच वाजणार आहे.

हक्कांचं थोडक्यात. माणिकप्रभूंनी 1865 मध्ये समाधी घेतली. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालणारा कॉपीराइट त्यांच्या पदांच्या आड येत नाही. पण एखाद्या हयात संगीतकाराने बांधलेली चाल त्याची, आणि नेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक ज्याने बनवला त्याचा. गाणं अपलोड होण्याआधी शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि कुणाला किती वाटा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पखवाजवाल्याचं नाव त्यात हमखास राहून जातं.

— कानसेन