सीमा गावांत टिकते

अरुणाचल प्रदेशातील स्थळांना आपली नावे देण्याचा उद्योग चीनने २०१७ मध्ये ६ नावांनी आरंभला. २०२४ च्या यादीत ती ३० झाली. भारताने प्रत्येक वेळी या याद्या फेटाळल्या आणि ते योग्यच झाले. परंतु भूमीवरील हक्क केवळ निषेधपत्रांनी बळकट होत नाही, याची साक्ष याच प्रदेशाचा इतिहास देतो.

८३,७४३ चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ प्रदेश हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी उभा चिरला आहे. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे तर पूर्वी बहुधा आसामच्या सपाटीवर उतरून पुन्हा डोंगर चढावा लागे. त्यामुळे १९५४ मध्ये ‘नेफा’ची रचना झाली तेव्हा कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित आणि तिराप या विभागांना नद्यांचीच नावे मिळाली. येथे प्रशासनालाही खोऱ्यांच्याच वाटेने जावे लागले.

मॅकमोहन रेषा १९१४ मध्ये आखली गेली. तिच्या दक्षिणेकडील तवांगमध्ये भारतीय प्रशासन प्रत्यक्ष स्थिरावले ते मात्र १९५१ मध्ये, मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सच्या तुकडीसह तेथे पोहोचले तेव्हा. रेषा आणि राज्यकारभार यांत ३७ वर्षांचे अंतर पडले. पुढे अकराच वर्षांनी, १९६२ मध्ये, चिनी सैन्य बोमडिलापर्यंत उतरले. रस्त्यांच्या अभावी आपल्या जवानांना रसद पोहोचवणेही दुष्कर झाले होते.

१९६५ पर्यंत नेफाचा कारभार परराष्ट्र मंत्रालयाकडे होता आणि १९७४ पर्यंत तो शिलाँगहून चाले. १९७२ मध्ये केंद्रशासित प्रदेश होताना ‘अरुणाचल’ हे नाव मिळाले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी पूर्ण राज्याचा दर्जा लाभला. लोहित नदीवरील ९.१५ किलोमीटरचा ढोला-सदिया पूल २०१७ मध्ये, तर तवांगच्या वाटेवरील सेला बोगदा २०२४ मध्ये खुला झाला. विलंब झाला, पण दिशा योग्य आहे.

तथापि रस्ता हे साधन आहे, साध्य नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार येथे दर चौरस किलोमीटरला अवघी १७ माणसे राहतात. शाळेत शिक्षक नसेल, दवाखान्यात डॉक्टर नसेल, तर त्याच नव्या रस्त्याने सीमेवरील तरुण कायमचा खाली उतरेल. २०२३ मध्ये किबिथू येथून आरंभलेल्या सीमावर्ती ग्रामयोजनेची खरी कसोटी हीच आहे. सीमेवरच्या घरात रोज चूल पेटणे, हेच परकीय नामावलीला सर्वांत समर्थ उत्तर होय.