शंका-समाधान : जंतुसंसर्ग असला तर अवयव चालतात का?

सदाशिव पेठेतील एका भगिनींचे पत्र आले आहे. स्कूटरच्या अपघातात त्यांच्या धाकट्या दिरांचा मेंदू मृत झाला. घरच्यांनी मन घट्ट करून अवयवदानाला होकार दिला. डॉक्टर म्हणाले, "छातीत जंतुसंसर्ग आहे, फुप्फुसं घेता येणार नाहीत. मूत्रपिंडं आणि यकृत घेऊ." मग प्रतिजैविकं चालू झाली. सासूबाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला आता औषधं कशाला?" आणि या भगिनी विचारतात, "ताई, भाऊजींचे जंतू त्या रुग्णांना बाधले तर? आम्ही दान दिलं की दुखणं?"

भगिनी, तुमची शंका रास्त आहे. अतिदक्षता विभागात घशात श्वासाची नळी, लघवीची नळी, शिरेत सुई असते. त्या वाटेने जंतू शिरतात. त्यात तुमच्या घरच्यांचा काही दोष नाही. ज्याला अवयव बसवतात त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, म्हणून डॉक्टर इतके जपतात.

दात्याचे रक्त, लघवी आणि श्वासनळीतला कफ 'कल्चर'ला पाठवतात. हे आपल्या विरजणासारखंच! नमुना उबेत ठेवायचा आणि जंतू वाढायची वाट पाहायची. निकालाला एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. अवयव मात्र तेवढे थांबत नाहीत. म्हणून आधी अंदाजाने प्रतिजैविक सुरू करतात आणि निकाल येताच तो रुग्णाच्या डॉक्टरांना कळवतात. मग रुग्णालाही तेच नेमके औषध काही दिवस देतात. सासूबाईंना सांगा, ती औषधं वाया गेली नाहीत. ती पुढच्या माणसासाठी होती.

संसर्ग छातीपुरताच असेल तर फुप्फुसं वगळून बाकीचे अवयव बहुधा घेता येतात. जंतू रक्तात उतरले असले, तरी योग्य औषधाने एक-दोन दिवसांत आटोक्यात आले तर दान होऊ शकते. मात्र आटोक्याबाहेरचा संसर्ग किंवा अंगभर पसरलेला क्षय असेल तर डॉक्टर नाही म्हणतात. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू सापडले तर तज्ज्ञांना विचारूनच ठरवतात. धोका अगदी शून्य नसतो, पण तो तोलूनमापूनच पाऊल टाकतात.

घरच्यांचे एक काम फार मोलाचे असते. पूर्वीचा क्षय, कावीळ, हल्लीचा ताप, कुत्र्याचा चावा, यातलं काहीही लपवू नका. रेबीजसुद्धा अवयवांतून गेल्याचे अमेरिकेत २००४ साली घडले आहे.

आणखी दोन गोष्टी मनात ठेवा. १९९४ च्या कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते, तेही सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. आणि दानासाठी दात्याची जी देखभाल होते, तिचा खर्च नियमाने घरच्यांवर पडत नाही. अवयव कोणाला द्यायचे, ते पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीप्रमाणे ठरवते.

तेव्हा भगिनी, तुम्ही दुखणं दिलं नाही. पारखून घेतलेलं दान दिलंत. मनातली रुखरुख काढून टाका, आणि सासूबाईंजवळ जरा वेळ बसा.