काळी भाकरी आणि ताकातले पीठ

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या, सुमारे 13 लाख वस्तीच्या एस्टोनिया देशात हिवाळा दीर्घ आणि शेतीचा हंगाम अल्प असतो. त्यामुळे धान्य भाजणे, कोबी आंबवणे आणि मासे खारवणे यांवरच तेथील स्वयंपाकघर शतकानुशतके उभे राहिले. ज्येष्ठांच्या आहाराच्या दृष्टीने त्याकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

तेथील मुख्य अन्न म्हणजे ‘लेइब’, अर्थात राय या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा काळा पाव. (ही राय म्हणजे आपली मोहरी नव्हे.) जमिनीवर पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेण्याची जुनी रीत तेथे आहे. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये.

दुसरा पदार्थ ‘कामा’. जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेले हे पीठ ताकासारख्या आंबट दुधात कालवतात. आपल्या सातूच्या पिठाचे हे जवळचे भावंडच. धान्य व कडधान्य एकत्र आल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो; जवातील विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतात. दात नसलेल्या किंवा भूक मंदावलेल्या वृद्धांना असा आहार सोयीचा असतो.

बटाटा व जव एकत्र शिजवून घोटलेल्या ‘मुल्गी पुदेर’ या मऊ पदार्थाच्या परंपरेचा युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. मधुमेहींनी मात्र असा बटाटा बेतानेच घ्यावा.

खारवलेले मासे व आंबवलेला कोबी यांबाबत सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातील एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे. आपली लोणची, पापड आणि सुकी मासळी यांनाही हाच नियम लागू आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन सूचना. भाजलेले पीठ वृद्धांना कोरडे कधीही भरवू नये. ते घशात अडकून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ताकात गुठळ्या न राहतील असे कालवावे, रुग्णाला ताठ बसवावे आणि लहान चमच्याने सावकाश द्यावे. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. तसेच रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोबी वा पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये.

एरवी दुपारच्या चहा-बिस्किटांऐवजी वाटीभर ताकातले सातूचे पीठ, साखर वा गूळ न घालता, अवश्य देऊन पाहावे.